न निघालेली पत्रं

“पुन्हा कोसळला,” साहेब केबिनच्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “कामावरून कमी केल्याची पत्रं छापायला घेतली की नेमका हाच प्रोग्राम बंद पडतो. आणि त्यात एक पत्र तुमच्या वहिनीचं आहे.”

कारखान्याचे संगणक सांभाळणारी ती जागची हलली नाही. “माझ्यावर आळ घेताय?”

“मुख्य कचेरी घेतेय. उद्या त्यांचा अधिकारी येतोय.”

“येऊ दे. कर नाही त्याला डर कशाला? उद्यापर्यंत कारण शोधते.”

“महागडी साधनं मिळणार नाहीत.”

“फुकटची पुरतात.”

विंडोजसाठी फुकट मिळणारी दोन साधनं तिनं उतरवून घेतली. एक, प्रोग्राम पडताच त्याच्या मेमरीची नक्कल ठेवणारं. दुसरं, तो कुणी बंद केला का, हे टिपणारं.

भांडारातल्या संगणकावर काम करणारी वहिनी घरी जेवताना म्हणाली, “तू कारण शोधलंस की आमची पत्रं निघणार. कशाला शोधतेस?”

“चोर म्हणवून घेऊन मी त्या खुर्चीत बसणार नाही.”

“आणि आम्ही कुठं बसायचं?”

ती ताट उचलून उठली.

सकाळी साहेबांच्या हुकमावरून कारकुनानं छपाई सुरू केली. प्रोग्राम पडला. तिनं नक्कल उघडली. कुठंच चूक नव्हती. प्रोग्राम धडधाकट होता. दुसऱ्या साधनाची नोंद सांगत होती: कारखान्यातल्याच दुसऱ्या एका संगणकावरून कुणीतरी तो बंद करत होतं. कुणाच्या नावानं, तेही दिसत होतं.

तिनं ते नाव दोनदा वाचलं. मग तिनं सगळं पुसून टाकलं.

ती केबिनकडे निघाली तेव्हा भांडाराच्या काचेआडून वहिनी बघत होती. वहिनीकडे बघून तिनं नुसती नकारार्थी मान हलवली.

“सापडलं?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“नाही.”

“नाही, की सांगायचं नाही?”

“काय समजायचं ते समजा.”

“म्हणजे तुम्हीच. नोकरी जाईल, कळतंय ना?”

“जाऊ दे. माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही.”

अधिकारी साहेबांकडे वळला. “या बाईंचं पत्र आधी काढा. हातानं लिहा हवं तर.”

साहेबांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि खिशात ठेवून दिलं.

“यांना राहू द्या,” ते म्हणाले. “प्रोग्राम दर वेळी मीच बंद पाडत होतो.”