शेवंतीला कळणारा शब्द

फौजदार मॅडम बग्गीत चढून नवरदेवाच्या शेजारी बसल्या, तेव्हा उमरोळीच्या वऱ्हाडात कुजबुज झाली. नवरदेव बिचारा अंग चोरून कडेला सरकला. स्वतःच्या वरातीत पोलीस शेजारी येऊन बसले, तर माणूस दुसरं काय करणार!

कमलाकांत मात्र छाती काढून चाकाजवळ उभा होता. बग्गी त्याची, घोडी त्याची आणि परीक्षाही त्याचीच.

झालं असं होतं, की गेल्या महिन्यात बोईसरच्या बाजारात एका दुसऱ्याच माणसाची बग्गी उधळली. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घोड्याच्या कानाशी फटफटली आणि घोडा सरळ भाजीवाल्यांत घुसला. मोटारसायकलवाला पसार झाला, नाव मात्र घोड्याचं खराब. रस्त्यावर बग्ग्याच नकोत, असं तेव्हापासून वरती घाटत होतं. फौजदार मॅडमनी एवढंच कबूल केलं होतं, की एक वरात स्वतः बसून बघते आणि मग काय ते ठरवते. बग्गी बंद झाली तर कमलाकांतला दुसरा धंदा येत नव्हता, आणि या वयात शिकायची हौसही नव्हती.

लगाम तेजलच्या हातात होता. कमलाकांतच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्याची ही लेकच बग्गी हाकायची. कानांवरून खाली ओढलेला गुलाबी फेटा, ताठ पाठ, नजर समोर. गाडी हाकताना तिच्या हातात कधी कुणी मोबाइल पाहिला नव्हता. मॅडमनी तेही विचारून घेतलं. "हात लगामावर, मॅडम. दुसरीकडं नाय," कमलाकांत म्हणाला.

आणि खरी ऐट तर पुढेच होती. शेवंतीला थांबवायला लगाम ओढावा लागत नसे. बैठकीवरच्या माणसाने "हो" म्हटलं, की ती पांढरी घोडी आहे तिथे खिळायची. बाकी जग कितीही हो-हो करो, तिला त्याचं काही नाही. शब्द बैठकीवरून आला पाहिजे. कमलाकांतने हे तिला शिंगरू असल्यापासून शिकवलं होतं. एकदा त्याची बायको जमुना बैठकीवर त्याच्या शेजारी बसली होती. शेजारणीने विचारलं, बाजाराला का? जमुना बोलून गेली, हो. शेवंती जागच्या जागी थांबली आणि मागची रिक्षा येऊन बग्गीला धडकली. तेव्हापासून घरात तो शब्दच बंद. जेवण झालं? हां. पाणी भरलं? हां. तेजलला तर झोपेतून उठवून विचारलं तरी ती हांच म्हणायची.

नवापूरच्या मिथुनलाही तिने असंच हां-हूं वर ठेवलं होतं. घरची होडी, स्वतःचा मासळीचा टेम्पो, पोरगा चांगला होता. दिवाळीपासून लग्नाचं विचारत होता. कमलाकांतने निर्णय लेकीवर सोडला होता, आणि ती घाई करत नाही याचंही त्याला कौतुकच होतं. गाडी असो की संसार, आमची पोर बघून पाऊल टाकते, असं तो चार लोकांत सांगायचा.

बँड वाजायला लागला आणि वरात निघाली. बाजारात रिक्षांनी वाट अडवली, दोन पोरं बाइक घेऊन घोडीच्या नाकासमोरून गेली, एका गाडीवाल्याने उगाच हॉर्न दाबून धरला. शेवंतीने कान हलवले, बस्स. कमलाकांत बाजूने लंगडत चालला होता आणि दर थोड्या वेळाने मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

नवापूर रस्त्याच्या तिठ्यावर बँडवाले पुढे निघून गेले. त्यांच्या आणि बग्गीच्या मध्ये थोडी जागा मोकळी पडली. शेवंती तिथे पाऊल टाकणार, एवढ्यात वरून तेजलचा खणखणीत आवाज आला.

"हो!"

घोडी खिळली. आणि त्याच क्षणी डावीकडच्या गल्लीतून निळी पिंपं लादलेला पिकअप सुसाट आला, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावरून गेला आणि वळणही न बघता दिसेनासा झाला. नवरदेवाने डोळे मिटून घेतले होते. मॅडमनी बग्गीची कड घट्ट धरली होती. कमलाकांतने लंगडत पुढे जाऊन शेवंतीच्या मानेवर हात ठेवला.

मॅडम खाली उतरल्या त्या पिकअपचा नंबर फोनवर सांगतच. मग तेजलसमोर जाऊन थांबल्या.

"ही बग्गी चालेल," त्या म्हणाल्या. "बाकीच्या बग्गीवाल्यांना मी हिच्याकडे शिकायला पाठवणार आहे."

वरात पोचेपर्यंत कमलाकांत जमिनीवर नव्हताच. बँडवाल्यांना सांग, वऱ्हाडाला सांग, चहाच्या टपरीवर ओळख ना पाळख त्या माणसाला सांग. एक शब्द, फक्त एक शब्द, आणि तोही नेमक्या वेळी! आपल्या पोटी असली लेक यावी, याचा त्याला इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायला त्याने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला.

घरी आल्यावर तेजल शेवंतीचा साज उतरवत होती. कमलाकांत जवळ आला आणि त्याने लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरी, मी खाली चालत होतो, तरी मला तो पिकअप दिसला नाय. तुला कुठून दिसला?"

तेजलने घोडीच्या मानेवरून हात फिरवला.

"नाय दिसला, बाबा," ती म्हणाली. "फेट्याखाली कानात फोन होता. मिथुन बोलला, आज हां-हूं नको, काय तो एकच शब्द सांग. बँडात त्याला ऐकू जाईना, म्हणून जरा मोठ्यानं सांगितला."