जमेल तसा

"दुभाष्यांचे आभार. त्यांची वेळ संपली. उरलेलं आता आपण एकाच भाषेत उरकून टाकू," जागतिक हवामान परिषदेचे अध्यक्ष म्हणाले. सभागृहाने माना डोलावल्या. सगळ्यांनाच घरी जायची घाई होती.

वर काचेच्या खोलीत दुभाषीने माईक बंद केला. खाली तिसऱ्या रांगेत बेटावरून आलेले आजोबा बसले होते. त्यांना ती एक भाषा येत नव्हती. कानातलं यंत्र अचानक मुकं का झालं, म्हणून ते बटण दाबून बघत होते. सकाळी त्यांचं भाषण तिनेच सगळ्यांना ऐकवलं होतं. दुभाष्याने दुसऱ्याचं बोलणं 'मी' म्हणूनच बोलायचं असतं. "दफनभूमीत समुद्र शिरला, म्हणून मी माझ्या आईला दोनदा पुरलं," हे वाक्यही ती तसंच 'मी' म्हणून बोलली होती.

"चल गं, चहा तरी घेऊ," तिच्या जोडीची दुसरी दुभाषी पर्स उचलत म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या पडद्यावरचा कराराचा मजकूर बदलला. 'मोठे देश आपला धूर कमी करतील' या वाक्यात कुणीतरी हळूच दोन शब्द घुसवले होते. 'जमेल तसा.'

"कुणाची हरकत?" अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. एकाचीही हरकत आली, तर मजकूर अडणार होता. आजोबांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याने हसून मान हलवली. म्हणून त्यांनीही हसून हलवली.

दुभाषीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भराभरा जिना उतरून ती तिसऱ्या रांगेत घुसली.

"आजोबा, हसू नका. त्यांनी वाक्य फिरवलंय," ती म्हणाली आणि त्यांच्या कानात सगळं सांगितलं.

आजोबांनी हात वर केला. तो त्यांनी खाली घेतलाच नाही.

"बाई, तुमची वेळ संपलीय," अध्यक्ष करड्या आवाजात म्हणाले.

"माझी संपलीय. यांना हरकत घ्यायचीय."

कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेतले मोठ्या देशांचे कोटवाले एकमेकांच्या कानाला लागले, मग त्यातला एक अध्यक्षांशी वाकून बोलला. अध्यक्षांनी कपाळ पुसलं.

"त्यांना नीट समजावून सांगा. ते शब्द काढले, तर मोठे देश आत्ताच्या आत्ता उठून जातील. सगळंच फिसकटेल."

तिने सांगितलं. आजोबांनी पहिल्या रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि दोन-तीन वाक्यं बोलले, सावकाश, तिला नीट ऐकू जावं म्हणून.

"काय म्हणतात?" अध्यक्षांनी विचारलं.

दुभाषी उठून उभी राहिली.

"माझी हरकत कायम आहे. ते जात असतील तर जाऊ देत. त्यांना जायला घर तरी आहे."