बंद तलावातलं क्लोरीन

आमच्या शाळेत सगळ्यात वेगाने मी पोहते. हे मी नाही, घड्याळ सांगतं. रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि सरावाला आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा तलाव. तो उन्हाळ्यासाठी अजून उघडायचा होता, म्हणून शाळा सुटली की मी तलाव सांभाळणाऱ्या दशरथकाकांच्या मागे.

काका नळीत तलावाचं पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. तीन दिवस रंग आलाच नाही.

"रात्री पावडर टाकतो, सकाळी गायब. चाळीस माणसं पोहली तर एवढं संपतं."

"पण फाटकाला कुलूप आहे ना?"

"किल्ली माझ्याच कमरेला आहे, मैत्रीबाई."

शनिवारी दुपारी त्यांनी दुप्पट पावडर टाकली. तासाभराने नळी पाहिली, पाणी तसंच बिनरंगी, आणि ती खाली ठेवली. "आज उतरू नकोस."

पण चाचणी उद्यावर आली होती, आणि समोर पाणी निळंशार, तळापर्यंत स्वच्छ, रिकामं. काका वळले तसा मी सूर मारला. वर आले, पहिला हात उचलला.

त्या रिकाम्या पाण्यात मला हात पसरायला जागा नव्हती.