घरची हवा

“हात का सोडला, तेवढं सांग,” उद्धवराव म्हणाले.

हा प्रश्न ते वर्षालीला भेटेल तिथं विचारायचे. आकुर्डीच्या तरणतलावावर विचारला होता, तिच्या कंपनीच्या गेटवर विचारला होता. आज चाकणच्या आपल्या वर्कशॉपमध्ये बोलावून, चहा पुढ्यात ठेवून विचारला. वर्षालीचं उत्तरही ठरलेलं होतं.

“चूक झाली काका. मी घाबरले.”

शेजारी बसलेला शेखर कपात बघत राहिला. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या या शेखरनंच गट जमवला होता. पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही, पण हौसेला काय त्याचं? इथली काही माणसं दर हिवाळ्यात रजा टाकून मालवणला जायची, पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी उतरायची आणि प्रवाळ किती जगलंय, मासे कुठले आलेत, याची पाहणी करायची. तळावर मोजायची टेप अंथरून जोडीजोडीनं पुढे सरकायचं. पाणी गढूळ असलं, की जोडीदाराचा हात धरायचा, हा कडक नियम.

मागच्या हिवाळ्यात वर्षालीचा जोडीदार होता उद्धवरावांचा ओंकार. वर आली ती एकटी वर्षाली. ओंकार सापडलाच नाही.

तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. तलावात सरावाला उतरली, की तिची उजवी मूठ आपोआप मिटायची. बाजूला बघायचा धीर होत नसे. तो दिसेल याची भीती होती, आणि दिसणार नाही याची त्याहून जास्त.

ओंकारबरोबर ती त्यांच्या घरी जेवायला जायची, तेव्हा उद्धवराव तिला पोरी म्हणायचे. आता ते तिचं नावही घेत नसत. त्यांनी पुन्हा एकदा पोरी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ते मिळणार नाही, हेही तिनं जवळजवळ मान्य केलं होतं.

उद्धवरावांनी घसा साफ केला. “ह्या बारीला समद्यांचे सिलिंडर मी भरून देनार. ओंकारला मी कदी भाड्याची हवा दिली न्हाई. घरनं भरून न्यायचा त्यो. आता तुमीच माझी लेकरं. माझ्या हातची हवा घेऊन जावा.”

शेखरनं लगेच होकार दिला.

“राहू दे काका,” वर्षाली म्हणाली. “मालवणला मिळतात की.”

शेखरनं चमकून तिच्याकडं पाहिलं. उद्धवरावांनी कप खाली ठेवला. गुरुवार होता, चाकणला लाइट बंद असायचा वार. दारात हवा भरायच्या कॉम्प्रेसरशेजारी जनरेटर धूर सोडत धडधडत होता, त्यामुळं त्यांना आवाज चढवूनच बोलावं लागलं.

“माझ्या पोराचा हात सोडलास. आता माझी हवा बी नको व्हय?”

“तसं नाही हो काका. उद्या भरा, लाइट आल्यावर. घाई कसली एवढी?”

“उद्या हितं ऑर्डरचं काम हाय. नको आसंल तर तोंडावर सांग. म्हातारा रडनार न्हाई.”

पण त्यांची हनुवटी थरथरत होती. वर्षालीला ते बघवेना.

“भरा काका,” ती म्हणाली.

उद्धवराव कामाला लागले. वर्षात पहिल्यांदाच त्यांच्या हालचालीत जीव आलेला दिसत होता. लेकराचं अंग पुसावं तसा भरलेला प्रत्येक सिलिंडर त्यांनी फडक्यानं पुसला आणि स्वतः उचलून वर्षालीच्या गाडीत ठेवला. निघताना ती पाया पडायला वाकली. ते घुटमळले. मग त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला.

“जा पोरी,” ते म्हणाले. “जपून जा. कुनाचा हात सोडू नको आता.”

वर्षाली रडली. शेखरनं तिला रडू दिलं, पण गाडी हमरस्त्याला लागल्यावर त्याला राहवलं नाही.

“आज तरी नको म्हणायचं नव्हतंस. त्या माणसाकडं दुसरं उरलंय काय?”

“खरंय तुझं.”

“मला कधी कधी कळतच नाहीस तू.”

शेखरला नाशिक फाट्याला सोडून तिनं गाडी मागं वळवली आणि मोशीला नदीकडच्या एका मोकळ्या प्लॉटवर नेऊन थांबवली. ऊन अजून होतं. आसपास कुणी नव्हतं.

तिनं डिकी उघडली आणि पहिल्या सिलिंडरची चावी फिरवली. फस्सकन हवा बाहेर आली. मग दुसऱ्याची फिरवली, मग तिसऱ्याची. मालवणला ती गटाच्या आधी पोचणार होती. तिथं गुपचूप सगळे पुन्हा भरून घ्यायचे, आणि परत आल्यावर काकांना सांगायचं, तुमच्या हवेवर सगळे सुखरूप वर आले.

शेवटच्या सिलिंडरपाशी तिनं नाक नेलं. जनरेटरच्या धुराचा वास होता, अगदी हलका. ओंकारचा हात तिच्या मुठीत ढिला पडला त्या दिवशी, बोटीवर उरलेल्या त्याच्या दुसऱ्या सिलिंडरलाही असाच वास आला होता.