कानसेन

"येतोय आवाज?" सरांनी विचारलं.

"येतोय ना, सर! नुसती तडतड चाललीय," हेडफोन कानांवर दाबून धरत ती म्हणाली. प्रयोगशाळेत तिला सगळे कानसेन म्हणत. लोखंडाचा अंश मिसळलेल्या स्फटिकावर लेसरचा हिरवा झोत टाकला, की आत वीज साठते, बारीक ठिणग्या उडतात आणि स्फटिक वाजतो, असं तिचं म्हणणं. आज ते दोन परीक्षकांना पटलं तर पीएचडीची मुदत वाढणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

सगळ्यांनी लेसरचे चष्मे चढवले होते. डोळे सांभाळायचे म्हणून त्या चष्म्यातून हिरवा प्रकाश दिसतच नाही. सरांनी हळूच लेसर बंद केला. स्वतःचा चष्मा काढला आणि परीक्षकांनाही खुणेने काढायला लावला.

"आणि आता?"

"आता तर जास्तच, सर!"

एका परीक्षकाला हसू आवरेना. दुसरा म्हणाला, "बाई, चष्मा काढा आधी."

तिने काढला. झोत नव्हताच. तिचा चेहरा खर्रकन उतरला. परीक्षक खिदळत चहाला गेले. एवढी शिकलीसवरलेली माणसं, पण लाज म्हणून नाही.

"सर, अजूनही येतोय हो," ती रडकुंडीला आली. "उजेड गेला तरी आत साठलेली वीज राहत असेल. तुम्ही ऐका ना. एकदाच."

सरांनी उपकार केल्यासारखा हेडफोन घेतला आणि एका कानाला लावला.

तडतड. जरा थांबली. पुन्हा तडतड. सरांचा उभा जन्म याच स्फटिकांवर गेला होता. उजेडाशिवाय वाजणारा स्फटिक कुणाच्या बापानेही ऐकला नव्हता.

ती डोळ्यांत प्राण आणून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"काही नाही," सर म्हणाले.

"काहीच नाही?"

"ठार शांत आहे. भास होतायत तुला. कान दाखवून घे एकदा डॉक्टरला. आणि स्फटिकाला हात लावू नकोस, राहू दे तसाच."

बिचारीने विश्वास ठेवला. डोळे पुसले, पर्स खांद्याला लावली.

"सॉरी, सर. तुमचा उगाच एवढा वेळ मी..."

"श्श!" सर खेकसले. हेडफोन आता त्यांनी दोन्ही कानांवर घेतला होता.