मानेवरचं गजकर्ण

"मान खाली कर," डॉक्टर म्हणाले.

सुरेखानं वेणी पुढं घेतली आणि मान झुकवली. डॉक्टरांचं बोट मानेवरून फिरत आलं आणि एका जागी थांबलं. तिथं दोन गोल चट्टे होते. कडेला लाल, मधे फिकट. गजकर्ण.

राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या महिला कुस्ती संघाची निवड होती. त्रेपन्न किलो गटात सुरेखाला हरवेल अशी मुलगी तिथं नव्हती. पंचांनाही ते ठाऊक होतं. पण कुस्तीआधी प्रत्येकीची कातडी तपासायची आणि गजकर्ण दिसलं तर तिला मॅटवर सोडायचं नाही, असा नियम होता.

तिनं मान वर केली. समोर डॉ. विश्वजित होते. दीड महिन्यापूर्वी ती त्यांच्याच, छावणी भागातल्या दवाखान्यात गेली होती.

"सर, तुम्हीच तर सांगितलं व्हतं, ट्यूब बंद कर म्हणून."

"हो. मीच सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले.

बीड बायपासला, नव्या इमारतींच्या मागं, मुलींच्या सरावाचा पत्र्याचा हॉल होता. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. आजूबाजूला मजल्यावर मजले चढत होते आणि टँकर आठवड्यातून एकदा येत होता. अकरा मुली, एक मॅट आणि ती पुसायला एक बादली. अंघोळीला प्रत्येकीला अर्धी. घाम अंगावरच वाळायचा. खाज आधी एकीला सुटली, पंधरा दिवसांत सगळ्यांना. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं मलमाची ट्यूब दिली. चार दिवसांत चट्टे गायब. ट्यूब थांबवली की दुप्पट. मग पुन्हा ट्यूब.

"यानं रोग मरत नाही, नुसता झाकला जातो," डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं. "बंद कर. सुरुवातीला भडकेल, घाबरू नकोस. दोन महिने गोळ्या घे."

अकराजणींत दवाखान्यात गेली ती सुरेखा एकटी. तिनं ट्यूब बंद केली आणि अंगभर उठलं. खाजवून खाजवून नखांत रक्त यायचं. तरी तिनं गोळ्या चुकवल्या नाहीत. एकेक चट्टा विझत गेला. आता मानेवरचे दोनच उरले होते. अजून पंधरा दिवसांत तेही गेले असते.

तिचे वडील कारभारी गंगापूरहून सकाळच्या जीपनं आले होते. ते पुढं झाले. टोपी हातात घेतली.

"साहेब, दोन बोटांएवढं तर हाय. लई मेहनत केली हो पोरीनं."

"दादा, कुस्तीत अंगाला अंग लागतं. समोरच्या मुलीला होईल."

कारभारी म्हणाले, "आन तिनं ती ट्यूब लावली असती तर?"

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला.

"तर आज दिसलं नसतं," ते म्हणाले.

कारभारींना रागवायचं होतं. कुणावर, ते समजेना. त्यांनी लेकीची बॅग उचलून खांद्याला लावली. डॉक्टरांनी सुरेखाच्या नावापुढं 'अपात्र' असं लिहिलं.

पुढं गोदावरी उभी राहिली. फुलंब्रीची पोर. सुरेखाच्याच खोलीत राहणारी, तिच्याच वजनाची, सरावातली जोडीदार. सुरेखा नसली तर राज्य स्पर्धेला हीच जाणार होती. डॉक्टरांनी तिची मान बघितली, दंड बघितले. एकही चट्टा नव्हता. पण कातडी नको तेवढी पातळ, गुलाबी, चकाकणारी. खालच्या शिरा दिसत होत्या. ट्यूब लावणाऱ्यांची असली कातडी ते दवाखान्यात रोज बघत होते.

"ट्यूब लावतेस?"

"नाय सर," गोदावरी म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दारापाशी गेलेल्या सुरेखाला हाक मारली.

"तुम्ही एकाच खोलीत राहता ना? खरं सांग. हिलाही आहे का?"

सुरेखा वळली. गोदावरी तिच्याकडं बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले. गोदावरीचा हात पाठीला पुरत नाही, म्हणून आज सकाळी तिच्या पाठीवर ट्यूब सुरेखानंच चोळून दिली होती.

"नाय सर," सुरेखा म्हणाली. "तिला कधीच नव्हतं. मला एकटीलाच हाय."