आधी तू

रांजणगावच्या कंपनीत जेवणाची सुट्टी झाली होती. शमुवेल आणि हनुमंत कँटीनमध्ये समोरासमोर डबे उघडून बसले होते आणि दोघंही जेवत नव्हते.

शमुवेल वाट बघत होता, हनुमंतानं एकदाचा घास घ्यावा. तो खाण्यात गुंतला, की पटकन डोळे मिटून प्रार्थना उरकता आली असती. दौंडहून नवा नवा कामाला लागला, तेव्हा तो रोज जेवणाआधी प्रार्थना करायचा. मग एक दिवस ह्याच टेबलावर त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, देव-बिव काही नसतो, आजपासून बंद. आणि परवाच्या रविवारी आईला चर्चच्या फाटकाशी सोडायला गेला, तो गाडी लावून गुपचूप आत, मागच्या सतरंजीवर जाऊन बसला. आता हे हनुमंताला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"जेव की," शमुवेल म्हणाला.

"तू जेव आधी."

"भाकरी गार व्हतीय तुझी."

"रोजच व्हती."

"रोज? ती कशी काय?"

"तुझं डोळं मिटून हुईस्तवर थांबायची सवय लागली न्हवं का."

"आरं, पण मी ते सोडून तीन वर्षं झाली!"

"तू सोडलंस. मला कुठं सुटतंय? मी आपला थांबतो तेवढा येळ. तू खाली मान घालून खात सुटतूस, तुला काय दिसतंय!" हनुमंतानं डब्यातला हात काढून मांडीवर ठेवला. "आज तूबी थांबलायस. मिट की मग डोळं. लई भूक लागलीया."